आई बेबीकडे गेली आहे

आईच्या पोटातून निघालेलं पिशवीतलं पाणी गढूळ आलंय हे सगळ्यात आधी वहिनीनेच पाहिलं होतं, आणि म्हणूनच की काय, ते तिच्याच हातून गढूळ झालं असं बाकीचे धरून चालले होते. तोंडाने कोणी बोललं नव्हतं. पण बेबी आल्यापासून तिच्या शेजारी बसायचं टाळत होती आणि दादा तिच्याशी बोलताना घड्याळाकडे बघत होता.

डायलिसिस विभागाच्या अगदी टोकाला एक खोली होती. घरी मशीन नेणाऱ्यांना तिथे शिकवायचे. एक बेसिन, एक पलंग, आणि पलंगावर पोटातून नळी बाहेर आलेला कापडी बाहुला. वहिनी याच बाहुल्यावर शिकली होती. हात कसे धुवायचे, किती वेळ धुवायचे, खिडकी लावायची, पंखा बंद करायचा, तोंडाला मास्क बांधायचा आणि मगच नळीची टोपी काढायची. सिस्टर तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची, आणि शेवटी म्हणाली होती की तुमच्यासारखे हात मला दहा जणांत एकाचे मिळतात. वहिनीने ते घरी जाऊन कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला घरात कोण होतं? दादाला तेव्हा कामातून सवड नव्हती, आणि बेबी एकदा आली ती बाहुल्याची नळी बघूनच भोवळ येते म्हणून बाहेर जाऊन बसली.

आज मात्र दोघंही आले होते. आई चाकाच्या खुर्चीत होती. मानेत नवी नळी घातली होती आणि त्यावर पांढरी पट्टी होती, त्यामुळे तिला मान वळवता येत नव्हती. जो समोर येईल तेवढाच तिला दिसायचा.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि बोलताना घाई करत नसत. त्यांनी आधी सगळं नीट सांगितलं. आईच्या किडन्या रक्तदाबाने गेल्या, त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हा आईने रात्रीचं मशीन निवडलं, कारण दिवस मोकळा मिळतो. झोपेत मशीन पोटात पाणी भरतं, ते पाणी रक्तातली घाण ओढून घेतं, आणि मशीन ते बाहेर काढतं. रात्रभर हेच. छान चाललं होतं. आता पोटात जंतू गेले. पाण्यातूनच औषध घालून पाहिलं, तरी पाणी निवळलं नाही, म्हणून पोटातली नळी काढावी लागली. सध्या मानेतून रक्त बाहेर घेऊन ते मशीनवर धुतोय. इथे त्याची एक नवी पद्धत आहे, तीत रक्त नुसतं गाळत नाहीत, त्यात भरपूर शुद्ध पाणी सोडून तेच पुन्हा ओढून काढतात. साध्या पद्धतीत मागे राहणारी जड घाण त्याबरोबर निघते, आणि आईचं हृदय दमलेलं आहे त्याला ही पद्धत सोसवते.

"पण हे सगळं इथे येऊन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट बरं झालं की पुन्हा नळी घालून घरी जाता येईल. किंवा हातातली शीर छोट्या ऑपरेशनने जाड करून रक्ताचंच मशीन घरी नेता येईल. ते अजून कडक काम आहे, सुया टोचायला शिकावं लागतं. दोन्हींसाठी मला आधी कळायला हवं की मागच्या वेळी काय चुकलं. कोणाला दोष द्यायचा म्हणून नाही."

दोष द्यायचा नाही म्हटल्यावर सगळ्यांनीच वहिनीकडे पाहिलं.

वहिनी म्हणाली की तिने नेहमीसारखंच केलं होतं. त्या संध्याकाळी लवकर जोडलं, एवढाच फरक. हात धुतले होते. मास्क होता. खिडकी लावली होती. बोलताना तिला जाणवलं की आपण पाठ केल्यासारखं बोलतोय, आणि खरं असूनही ते खोटं वाटतंय.

बेबीला ते खोटंच वाटलं.

बेबी पन्नाशीकडे झुकली होती तरी घरात तिला दुसरं नाव नव्हतं. आईने तीस वर्षं चालवलेलं शिवणाचं दुकान आता ती बघायची आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. आईला मशीन लागणार असं ठरलं तेव्हा आईने त्याच खोल्यांत राहायचं म्हटलं होतं. खाली दुकान, वर घर, सकाळी उठून मशीनवर बसायचं, शिवणाच्या मशीनवर. बेबीने तेव्हा जिना अरुंद आहे, मशीनच्या पाण्याचे खोके वर चढायचे नाहीत, असं सांगितलं. जिना अरुंद होताच. पण त्याच जिन्यावरून तिचं कपाट चढलं होतं, आणि ते तिला रोज दिसायचं. दादाने आईला आपल्या घरी नेलं तेव्हा बेबीला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला जी लाज वाटायची, तिचा राग ती वहिनीवर काढायची. आईचं पोट पाण्याने फुगलेलं दिसतं, तिचे कपडे कोणी सैल केले नाहीत का? आई वाळली, खायला नीट देत नाही का? आता तर निमित्त आयतंच मिळालं होतं.

"वहिनी, मी तुझ्यावर आळ घेत नाही," ती म्हणाली. "पण जोडायचीस तूच ना? दुसरं कोणी हात लावत नव्हतं."

"मीच जोडायची."

"मग जंतू काय उडत आले?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. तिला फार काही नको होतं. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं की बेबी, जरा थांब. दादा खुर्चीत पुढे सरकला, चष्मा काढला, आणि समजुतीच्या आवाजात डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "तिचा काही हेतू नसतो हो. दिवसभर एकटीच सगळं बघते, दमून जाते. एखाद्या वेळी हात धुवायचे राहिले असतील. माणूस आहे."

बायकोची बाजू घेतल्यासारखं ते वाक्य होतं. बेबीने तर मानही डोलावली. वहिनीच्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढलं. मांडीवरचे हात तिने उलटे करून तळवे खाली दाबून धरले, जणू ते कोणी तपासायला येणार होतं. आता काही बोलले तर नवऱ्याला सगळ्यांसमोर खोटं पाडल्यासारखं होईल, असं तिच्या मनात आलं.

समोर बसलेली सिस्टर कागदावर काहीतरी लिहायला लागली. तेव्हा आई बोलली.

"ते नका लिहू. हिचा काही संबंध नाही. नळी मीच काढली होती."

तिघंही तिच्याकडे वळले. तिला समोरची सिस्टरच दिसत होती, आणि त्याचं तिला बरं वाटलं. मुलाचं तोंड बघत हे बोलता आलं नसतं.

सिस्टरने विचारलं की कशासाठी काढली. बाथरूमला जायचं होतं, आई म्हणाली. मग हाक का मारली नाही? उशाशी घंटी दिलेली होती. आई म्हणाली की सगळे जेवत होते. सिस्टर जरा हसली आणि म्हणाली की आजी, तुम्ही तर नातवाचा अभ्याससुद्धा थांबवून हाक मारायच्या, तुम्हीच सांगितलंय मला. त्या दिवशी काय झालं?

"पाहुणे होते," आई म्हणाली.

एवढं बोलून ती थांबली. पण एकदा बोलल्यावर ती संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

दादा इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीत कामाला होता. वरचे तिघं जण जेवायला येणार होते. दुसऱ्या शहरातलं नवं काम कोणावर सोपवायचं ते ठरायचं होतं, आणि दादाचं नाव त्यात होतं. दुपारीच त्याने बोळातले पाण्याचे खोके मागच्या बाल्कनीत नेऊन त्यावर चादर टाकली. वहिनीने आईला लवकर जोडून दिलं. मग तो स्वतः आत आला. आईच्या डोक्याखाली उशी नीट केली. पांघरूण पायांवर ओढलं. कितीतरी दिवसांनी त्याने असं केलं होतं आणि आईला बरं वाटलं. जाताना तो म्हणाला, "दिवा मालवू का? थोडा वेळ पडून राहा. आवाज नको." तिने मान डोलावली. त्याने दार ओढून घेतलं.

ती अंधारात पडून राहिली. बाहेर खुर्च्या सरकल्या, माणसं हसली. मग कोणीतरी आईची चौकशी केली. आजारी होत्या ना, आता कशा आहेत? आणि तिने दादाचा आवाज ऐकला, अगदी स्वच्छ, "आई बेबीकडे गेली आहे. बरीच बरी आहे आता." तो पाहुणा म्हणाला की चला, म्हणजे तुम्ही मोकळे. दादा म्हणाला, हो, मी मोकळाच आहे.

तिला रडू वगैरे आलं नाही. तिने कूस बदलली, नळी अंगाखाली दुमडली आणि मशीन ओरडायला लागलं.

ती आजारी म्हातारी त्या घरात नव्हतीच. मग तिचं मशीन कसं ओरडेल? अंधारात तिने बटण शोधलं. आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. बाहेरचं बोलणं क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. चोरी करताना सापडल्यासारखी तिने चिमटा लावला, चाचपत नळी सोडवली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. हात धुवायला हवेत हे तिला ठाऊक होतं. बेसिन बोळात होतं, आणि बोळाच्या पलीकडे पाहुणे बसले होते. ती उठूच शकत नव्हती. नळीचं उघडं टोक तिने पांघरुणाच्या कडेत धरून ठेवलं. मंडळी गेल्यावर तिने ते तसंच पुन्हा जोडलं आणि मशीन चालू केलं, वहिनीला कळू नये म्हणून.

ह्यातलं बाकी काहीच तिने आता सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली की हात न धुताच पुन्हा जोडली, वय झालं, डोकं चालत नाही, चुकले.

"कुठले पाहुणे?" बेबीने विचारलं. "मला कसं माहीत नाही?"

दादाला वाटलं, आईने सावरून घेतलं. पहिल्यांदा त्याला खरंच हायसं वाटलं. आईने चूक कबूल केली, बायको सुटली, सिस्टरचा कागद भरला. आता उठून जायचं. त्या रात्री मशीनचा आवाज त्यानेही ऐकला होता. वहिनी ताट हातात घेऊन अर्धी उठली होती आणि त्याने नुसत्या डोळ्यांनी तिला बसवलं होतं. मग आवाज बंद झाला, तेव्हा त्याने पाहुण्यांना आणखी वाढायला सांगितलं होतं. पाणी गढूळ आल्यापासून दर दिवशी त्याने स्वतःला समजावलं होतं की त्या आवाजाचा आणि ह्या आजाराचा काही संबंध नसेल. सकाळी गाडीत बसताना तर त्याची खात्रीच पटली होती की वहिनीचंच काहीतरी राहिलं असणार.

समोर सिस्टर आईला विचारत होती की हात का नाही धुतले, बेसिन तर खोलीबाहेरच होतं. आई उत्तर शोधत होती. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडली तेव्हा दादाच्या वतीने ती अशीच दारात उभी राहून उत्तर शोधत होती. आज तिचं पोट कापलेलं होतं, मानेत नळी होती, आणि तरी ती त्याच्यासाठीच उत्तर शोधत होती. दादाला आपले स्वतःचेच कान गरम झाल्याचं कळलं.

"तिला बाहेर येता येत नव्हतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. "पाहुणे माझे होते. आई घरी नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं."

सिस्टरने लिहिणं थांबवलं.

"घरी नाही म्हणजे?" बेबी म्हणाली. "मग कुठे आहे म्हणालास?"

"तुझ्याकडे."

भावाला धारेवर धरायला बेबीकडे शब्द तयार होते, कधी नव्हे ते तिची बाजू खरी होती. पण मशीन आल्यापासून आई तिच्याकडे एक रात्रही राहिली नव्हती. पाहुण्यांना खरी वाटावी म्हणून दादाने जी थाप मारली, ती एखाद्या साध्या घरात साधी खरी गोष्ट असती. तिने वहिनीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

"मला आवाज ऐकू आला होता," वहिनी म्हणाली. ती कोणाला उद्देशून बोलत होती ते कळत नव्हतं. "मी उठायला पाहिजे होतं. ह्यांनी बघितलं म्हणून मी बसले. हात मी धुतले होते, सिस्टर. तेवढं लिहा."

"लिहिते," सिस्टर म्हणाली.

दादा आईच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला, कारण बाजूला उभा राहिलेला माणूस तिला दिसत नसे. माफ कर म्हणावं असं त्याच्या मनात होतं. आईने त्याच्याकडे वर पाहिलं, आणि तिला राग आला होता. राग त्याने खोटं सांगितल्याचा नव्हता. झाकून ठेवलेली गोष्ट त्याने चार माणसांत उघडी केली होती, आणि आता सगळ्यांना कळलं होतं की तिचा मुलगा तिला लपवतो आणि ती लपून बसते.

"मला आधी सांगायचंस रे," ती म्हणाली. "मी खरंच गेले असते बेबीकडे. जिना चढले असते कशीतरी."

बेबी उठली आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून.

मग डॉक्टरीणबाईंनी कामाचं बोलायला घेतलं, आणि त्याबद्दल सगळेच मनातून त्यांचे आभारी होते. पोटाची जखम भरून यायला काही आठवडे जातील. तोवर आई इथे मशीनवर येईल. पुढे घरी काय करायचं ते नंतर ठरवू, पण एक गोष्ट त्यांनी आजच सांगितली: एकाच माणसाच्या हातावर हे पुन्हा सोडायचं नाही. वहिनी म्हणाली की तिचंही तेच म्हणणं आहे. ती शिकवेल, पण एकटी करणार नाही. दादाने मी शिकतो म्हटलं. बेबी वळली नाही, पण तिने विचारलं की रक्ताच्या मशीनचे खोके किती मोठे असतात, आणि सिस्टरने हाताने माप दाखवलं ते बघायला तिला वळावं लागलं.

बाहेर बोळात दादाने वहिनीला गाठलं. तो म्हणाला की मघाशी मी बोललो ते बोलायला नको होतं. ती पिशवीत आईची शाल घडी करून ठेवत होती.

"मी हात धुतले होते हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?" तिने विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता.

"माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणजे, मला तसं वाटून घ्यायचं नव्हतं."

वहिनीने पिशवीची चेन ओढली. दादा म्हणाला की ते दुसऱ्या शहरातलं काम त्याच्यावरच सोपवलंय, आणि उद्या तो वरच्या मंडळींना सांगेल की मी मोकळा नाही, माझी आई माझ्याच घरी असते. त्यावर तिने बरं म्हटलं, जसं दूधवाल्याचं किंवा विजेच्या माणसाचं काही सांगितलं तर म्हणायची तसं. मग ती बेबीबरोबर खाली कॉफी प्यायला गेली. बेबीने तिला काय विचारलं आणि तिने काय सांगितलं, ते दादाला कधी कळलं नाही. जिन्यावरून उतरताना बेबीने तिच्या हातातली पिशवी घेतलेली मात्र त्याने पाहिली.

दुपारी आईला मशीनवर घेतलं. लांब दालनात एकामागे एक खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीशेजारी एक मशीन घुमत होतं. कोणी पेपर वाचत होतं, कोणी घोरत होतं. आईच्या मानेतून रक्त नळीत चढलं, गाळणीतून फिरलं आणि खाली आलं. दादाने ते पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. तिचं रक्त इतकं लाल असेल असं त्याला वाटलं नव्हतं. सिस्टरने त्याला हात धुवायला सांगितले, मास्क दिला, आणि कुठला आकडा कशाचा ते दाखवलं. तो शाळेतल्यासारखा मागून म्हणत होता. त्याचं चुकलं की शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ पेपर खाली न करता बरोबर आकडा सांगत.

सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली आणि मायलेक दोघंच राहिले, दादा आईच्या खुर्चीच्या जरा मागे, मशीनपाशी. आईच्या पोटावरचा सदरा वर सरकला होता, नळी काढल्याच्या जागी चौकोनी पट्टी होती. तो खाली ओढावा असं दादाला वाटलं. हात पुढे करून त्याने मागे घेतला, कारण तिला आवडेल की नाही ते त्याला कळेना. आईने तेवढा हात पाहिला. तिने स्वतःच सदरा खाली ओढला आणि डोळे मिटले.

तिला झोप आली नव्हती. मुलगा काहीतरी बोलेल, आणि मग तिला म्हणावं लागेल की जाऊ दे, झालं ते झालं. ते तिला आज म्हणायचं नव्हतं. डोळे मिटून ती तो जाण्याची वाट बघत राहिली. त्याला कामं असतात, तो फार वेळ कुठे बसत नाही, हे तिला ठाऊक होतं. मशीन घुमत होतं. कोणाच्या तरी मशीनने आवाज केला, पावलं आली, आवाज थांबला. दादालाही कळत होतं की ती जागी आहे. तिच्या पापण्या हलत होत्या. तो तसाच बसून राहिला, पाठीमागे, मास्कमध्ये श्वास गरम होत असताना.

बराच वेळ गेला. शेजारच्या गृहस्थांचं मशीन संपलं, त्यांना सोडवलं, ते टोपी घालून निघूनही गेले.

"गेलास का?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"नाही. इथेच आहे."

"मग पुढे ये," ती म्हणाली. "मागे बसलास तर मला दिसत नाहीस."